गोडाचा हिशेब

मराठी भाषेत 'गोड' हा शब्द जिभेपुरता राहिलेला नाही. आनंदाची बातमी आली की आपण तोंड गोड करतो, भांडण मिटले की गोडी होते, यजमान 'साधेच आहे, पण गोड मानून घ्या' असे म्हणतो, आणि एखादे कार्य निर्विघ्न पार पडले म्हणजे शेवट गोड झाला असे आपण समाधानाने सांगतो. संक्रांतीच्या दिवशी तर गोड खाणे आणि गोड बोलणे यांची आपण एकाच वाक्यात सांगड घातलेली आहे. ज्या समाजात आपुलकी, सलोखा आणि साफल्य या तिन्ही गोष्टींना एकच विशेषण पुरते, त्या समाजात एखाद्याला 'यापुढे तुम्ही गोड खायचे नाही' असे सांगणे म्हणजे त्याच्या आहारातील एक जिन्नस कमी करणे एवढेच नव्हे. पंक्तीतील त्याचे पान थोडे बाजूला सरकवणे, असाच त्याचा अर्थ होतो.

आणि अशी पाने आता थोडी राहिलेली नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभर जी मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेली असून प्रौढांमध्ये हे प्रमाण शेकडा ११.४ आहे. रोगाच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक आहेत, ते वेगळेच. सर्व राज्यांत अधिक प्रमाण आढळले ते गोव्यात, शेकडा २६.४. म्हणजे आज मराठी घरात दहा माणसांची पंगत बसली, तर तीत एक तरी मधुमेही असणार असे धरून चालण्यास हरकत नाही.

त्याच पंक्तीत अलीकडे आणखी एक पाहुणा येऊन बसू लागला आहे. तो मांसाहार तर करत नाहीच, पण दूध, दही, तूप आणि मधही घेत नाही. ब्रिटनमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांचे सहकारी यांनी अशा माणसांसाठी 'व्हीगन' हा शब्द घडविला. आपण सोयीसाठी त्यास निव्वळ वनस्पत्याहारी म्हणू. कोणी भूतदयेपोटी या मार्गाला लागतो, कोणी पृथ्वीच्या चिंतेने, तर कोणाला दूध पचतच नाही. कारण काहीही असो, हा पाहुणा आणि तो मधुमेही एकाच व्यक्तीत नांदू लागले, म्हणजे घरातील गृहिणीपुढे मोठाच पेच उभा राहतो. श्रीखंड गेले, बासुंदी गेली, साजूक तुपातला शिरा गेला, आणि जिलबी तर आधीच गेलेली होती. मग या माणसाच्या पानात गोड म्हणून वाढायचे तरी काय?

मी वैद्य नव्हे. जमा आणि खर्च यांची पडताळणी करणे हा माझा सरकारी व्यवसाय आहे, आणि या विषयाकडे मी त्याच नजरेने पाहणार आहे. हिशेब तपासताना पहिली गोष्ट आम्हाला शिकवली जाते ती ही, की पावतीवरील शीर्षकावर भिस्त ठेवू नये. आतील रकमा पाहाव्यात. मिठाईच्या बाबतीत आज तीन शीर्षके फार चालतात. एक, 'यात दूध-तूप नाही'. दुसरे, 'यात साखर नाही, सारे नैसर्गिक आहे'. तिसरे, 'शुगर फ्री'. या तिन्ही शीर्षकांखाली प्रत्यक्षात काय जमा असते, ते आपण क्रमाने पाहू.

दूध-तूप नाही म्हणजे पदार्थ निर्दोष, ही समजूत आधी बाजूस ठेवली पाहिजे. चरकाचार्यांनी प्रमेहाची कारणे सांगताना बैठ्या सुखाबरोबर आणि झोपेच्या सुखाबरोबर दही आणि दूध यांचा उल्लेख केला आहे हे खरे; पण त्याच यादीत नवे धान्य आणि गुळाचे पदार्थही त्यांनी घातले आहेत, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. मिठाईतून दूध काढले म्हणजे दुधातील स्निग्धांश जातो, हा लाभच आहे. पण त्याबरोबर प्रथिनेही जातात, आणि मग उरते ती बहुधा उघडीवाघडी साखर. आग्र्याच्या पेठ्याचेच उदाहरण घ्या. दुधाचा एक थेंब नाही, तुपाचा स्पर्श नाही. मूळ जिन्नस कोहळा, आणि कोहळ्यात बहुतांशी पाणीच. म्हणजे पाकात मुरल्यावर त्या तुकड्यात जे काही उरते, त्यात साखरेवाचून फारसे काही नाही. निव्वळ वनस्पत्याहाऱ्याच्या दृष्टीने तो सोवळा. मधुमेह्याच्या दृष्टीने साखरेच्या पुडीहून फारसा वेगळा नाही. याच जातीची दुसरी फसगत वनस्पती तुपातल्या नानकटाईची. तिच्यात लोणी नाही म्हणून समाधान मानावे, तर मैदा आणि साखर आहेतच. त्यातून घट्ट केलेल्या तेलातील घातक स्निग्धाम्ले हृदयाला इतकी अपायकारक ठरली, की २०२२ च्या जानेवारीपासून आपल्या सरकारने खाद्यतेले आणि वनस्पती तूप यांतील त्यांचे प्रमाण शेकडा दोनवर आणून ठेवले आहे. मधुमेह्याला हृदयविकाराचा धोका इतरांहून अधिक असतो; तेव्हा गाईचे तूप सोडून त्याने अशा तुपाचा आश्रय केला, तर आगीतून फुफाट्यात पडण्याचाच तो प्रकार होय.

दुसरे शीर्षक 'नैसर्गिक' हे. साखर वाईट आणि गूळ चांगला, असे मानणारी पुष्कळ सुशिक्षित मंडळी आपल्यात आहेत. गुळात थोडे लोह आणि इतर क्षार असतात, त्याला स्वतःची अशी रुची आणि वास असतो, हे सर्व मान्य. परंतु गुळाचा मोठा हिस्सा साखरेचाच आहे, आणि रक्तात उतरल्यावर ती उसाच्या रसापासून कोणत्या वाटेने आली याची चौकशी शरीर करत नाही. मधाची गोष्ट आणखी सोपी आहे. तो प्राणिजन्य म्हणून एका कसोटीला उतरत नाही, आणि शर्करामय म्हणून दुसऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी जी मर्यादा सुचविली, तीतही मध आणि फळांचे रस यांतील साखर मोकळ्या साखरेतच मोजलेली आहे. राहिला खजूर. 'बिनसाखरेचे लाडू' म्हणून आज जे लाडू घरोघर वळले जातात त्यांचा तो आधारस्तंभ. खजुरात तंतू असतात, म्हणून तो साखरेपेक्षा बरा. पण वाळलेल्या खजुराच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. जाड, मऊसर, मोठ्या जातीच्या एकाच खजुरात १५ ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, भरते. असे दोन खजूर कुटून केलेल्या लाडवाला बिनसाखरेचा म्हणणे ही भाषेची उधळपट्टी होय.

तिसऱ्या शीर्षकाची गोष्ट थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे ज्या पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर नाही, त्यालाच 'शुगर फ्री' म्हणता येते. नियम चोख आहे. परंतु त्यात मोजली जाते ती साखर. मैदा, रवा, तांदळाचे पीठ यांतील पिष्ट पोटात गेल्यावर ग्लुकोजच होते, त्याची नोंद या दोन शब्दांत नाही. साखरेच्या जागी बहुधा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल घातलेले असते. त्यांचे उष्मांक साखरेहून कमी आणि रक्तशर्करेवरील परिणामही सौम्य. पण सौम्य म्हणजे शून्य नव्हे, आणि प्रमाण वाढले तर पोट फुगून ते बिघडल्याशिवाय राहत नाही. सुक्रॅलोज किंवा स्टीव्हिया या वनस्पतीचा अर्क साखरेच्या कित्येक पटींनी गोड असल्याने चिमूटभर पुरतो. पण बाजारातील पुड्यांत तो चिमूटभर अर्क पसरविण्यासाठी पुष्कळदा माल्टोडेक्स्ट्रिनसारखे पिष्टजन्य चूर्ण मिसळलेले असते. ॲस्पार्टेम तर विस्तवावर फार वेळ टिकत नाही, त्याची गोडी उतरते. थोडक्यात, डब्याच्या दर्शनी भागावर जे ठळक छापलेले असते त्यापेक्षा मागच्या बाजूस बारीक अक्षरांत जे छापलेले असते, ते अधिक खरे बोलते. तेथील 'एकूण कर्बोदके' हा आकडा वाचावा, आणि तो १०० ग्रॅमचा आहे की एका तुकड्याचा, तेही पाहावे. नाहीतर 'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा' अशी गत व्हायची.

वनस्पत्याहाऱ्यांसाठीही आता असे चिन्ह आहे. २०२२ च्या नियमांनुसार निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थांवर हिरव्या रंगातील इंग्रजी 'व्ही' हे अक्षर आणि त्यावर एक पान, अशी खूण असते. मांसाहार न करणाऱ्यांसाठी जो हिरवा ठिपका आपण ओळखतो तो दुधाला चालतो, हिला चालत नाही. परंतु ही खूण पदार्थ कोठून आला एवढेच सांगते. तो रक्तात गेल्यावर काय करील, हे सांगण्याची जबाबदारी तिने घेतलेली नाही.

मग निवड करायची ती कशी? कोणताही गोड पदार्थ पुढे आला म्हणजे तीन प्रश्न विचारावेत, असे मी सुचवीन. याची गोडी कशातून आली आहे? याचे अंग कशाचे आहे? आणि माझ्या वाटीत तो किती येणार आहे? यांपैकी पहिला प्रश्न सर्वजण विचारतात, तिसरा काहीजण विचारतात. दुसरा मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि निवडीचे खरे मर्म त्या दुसऱ्या प्रश्नातच आहे.

ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे टोरांटोला जावे लागेल. याच नगरात १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांच्या हाती इन्सुलिन लागले, आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला टोचण्यात आले. त्यापूर्वी मधुमेह्याला जगविण्याचा उपाय म्हणजे त्याला जवळजवळ उपाशी ठेवणे हाच होता. त्याच नगरात साठ वर्षांनी, १९८१ साली, डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण मूलगामी प्रश्न विचारला: सारखीच कर्बोदके असलेले दोन पदार्थ रक्तातील शर्करा सारखीच वाढवतात काय? उत्तर नकारार्थी आले. त्यातून ग्लायसेमिक निर्देशांक ही कल्पना निघाली. शुद्ध ग्लुकोजला १०० मानले, तर कोणता पदार्थ किती झपाट्याने शर्करा चढवितो, हे तो निर्देशांक सांगतो. दळून, शिजवून अगदी मऊ केलेले किंवा लाही फुलविलेले पिष्ट झपाट्याने पचते. डाळी, शेंगदाणे आणि तेलबिया यांच्या सहवासात तेच काम सावकाश होते, कारण त्यांतील तंतू, प्रथिने आणि स्निग्धांश पोटातून पुढे सरकण्याचा वेग मंदावतात. आपल्या हरभऱ्याच्या डाळीचा आणि शेंगदाण्याचा निर्देशांक तर फारच खालचा आहे.

आता या ज्ञानाच्या उजेडात आपल्याच स्वयंपाकघराकडे पाहा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपले झाले आहे. निव्वळ वनस्पतिजन्य मिठाई ही काही परदेशातून आणावयाची वस्तू नव्हे. किनारपट्टीला नारळ मुबलक, म्हणून कोकण-गोव्याचे कितीतरी पक्वान्न नारळाच्या रसातच जन्मले. गोव्याचे मणगणे घ्या: हरभऱ्याची डाळ, थोडा साबुदाणा, नारळाचा रस आणि गूळ. कोकणातील शिरवाळे आणि खापरोळ्या याच रसाबरोबर खातात. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांना आणि उकडीच्या मोदकांना आत दूध लागत नाही, वरची तुपाची धार तेवढी सोडावी लागते. केरळातील मुगाच्या डाळीचे प्रथमन हे मणगण्याचेच दाक्षिणात्य भावंड. बंगालमधील नारळाचे नाडू, गयेचा तिळकूट, मुरैनाची गजक, कोविलपट्टीची शेंगदाण्याची मिठाई आणि आपल्या लोणावळ्याची चिक्की, ही सर्व एकाच कुळातील मंडळी आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, तंजावर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या बांधवांना यांपैकी एखादी तरी आपली वाटेल.

यांतील कोणते अंग मधुमेह्याला मानवेल, हे आता सहज ठरविता येते. पीठ, रवा, साबुदाणा, राजगिऱ्याच्या लाह्या हे ज्यांचे अंग, ते पदार्थ शेवटच्या ओळीत. डाळ, तीळ, दाणे, बदाम, नारळ आणि सालीसकट खाता येणारे फळ हे ज्यांचे अंग, ते पुढच्या ओळीत. पुढच्या ओळीतल्यांचाही गोडवा आवरावा लागतो. पण त्यांत तो आवरता येतो, हेच त्यांचे वैशिष्ट्य. साखर निम्मी केली तर जिलबीत जिलबीपण उरत नाही. गूळ निम्मा केला तरी तिळाचा लाडू हा तिळाचा लाडूच राहतो.

एक आकडेमोड करून पाहू. तीळ आणि गूळ समभाग घेऊन २० ग्रॅमचा लाडू वळला, तर त्यात १० ग्रॅम गूळ आला. त्याऐवजी दोन भाग भाजलेले तीळ, एक भाग दाण्याचे कूट आणि एकच भाग गूळ घेतला, तर तेवढ्याच लाडवात गूळ ५ ग्रॅमवर उतरतो. कूट थोडे तेल सुटेपर्यंत कुटले म्हणजे लाडू वळायलाही अडत नाही. अशा लाडवातील एकूण कर्बोदके अर्ध्या पोळीहून अधिक भरणार नाहीत. परंतु त्याचे उष्मांक मात्र १०० च्या आसपास राहतातच, कारण तिळाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. म्हणून हा लाडू एक खावा. तो पौष्टिक आहे या सबबीवर चार खाऊ नयेत. हीच रीत मणगण्याला लावावी. साबुदाणा गाळावा, डाळ वाढवावी, नारळाचा पहिला दाट रस थोडा आणि दुसरा पातळ रस अधिक घ्यावा, कारण नारळाच्या रसातील स्निग्धांश बहुतांशी साजूक तुपाच्याच जातीचा असतो. गूळ नेहमीच्या चतुर्थांशावर आणावा. पुरणाचेही तसेच. डाळ मुळात गुणी आहे. तिच्या बरोबरीने गूळ घालण्याचा प्रघात तेवढा सोडला आणि पोळी तेलावर लाटली, तर अर्धी पोळी दोघांनाही, मधुमेह्याला आणि वनस्पत्याहाऱ्याला, पानात घेता येते.

गोडी कमी करताना तिची उणीव भासू नये, यासाठी आपल्या आजीच्या हातात काही युक्त्या होत्याच. वेलदोडा, जायफळ, दालचिनी यांच्या वासाने जीभ गोडाची अपेक्षा करू लागते. चिमटीभर मीठ गोडी उठविते. गोड पदार्थ कोमट वाढला तर तो थंड असतानापेक्षा अधिक गोड लागतो. म्हणूनच आइस्क्रीममध्ये इतकी साखर रिचवावी लागते. ज्यांना श्रीखंडाची आठवण सोडवत नाही त्यांनी सोयाबीनचे दूध विरजून, फडक्यात टांगून त्याचा चक्का काढावा आणि त्यात केशर-वेलदोड्याबरोबर स्टीव्हियासारखा गोडवा बेताने मिसळावा. मात्र वनस्पतिजन्य दूध विकत घेताना ते बिनगोडीचे आहे ना, हे पाहिले पाहिजे. ओटच्या दुधात तर साखर वरून घातली नाही तरी पिष्ट फुटून माल्टोजरूपी साखर तयार झालेलीच असते. चॉकलेट घ्यायचेच तर शेकडा ७० किंवा अधिक कोको असलेले, दूध नसलेले घ्यावे आणि त्याच्या दोन लहान वड्यांवर थांबावे. उरलेल्या ३० टक्क्यांत बहुतेक साखरच असते. आणि या सर्वांपेक्षा सोपा उपाय म्हणजे फळ. सालीसकट पेरूच्या फोडी, सफरचंद, पपई, जांभळे, आणि हंगामात आंब्याची एखादी फोड. पण फोडच, रस नव्हे. रस काढताना फळाचे तंतू मोडतात अथवा मागे राहतात, आणि वाटीत एका फळाऐवजी तीन फळे कधी उतरली हे कळतही नाही.

आता तिसरा प्रश्न, किती आणि केव्हा. आजचे आहारशास्त्र मधुमेह्याला गोडाचा संपूर्ण निषेध सांगत नाही, हिशेब सांगते. आमच्या खात्यात एका शीर्षाखालील रक्कम दुसऱ्या शीर्षाकडे वळविता येते, मात्र एकूण तरतूद ओलांडता येत नाही. पानातही तोच न्याय लावावा. मोदक घ्यायचा असेल तर त्या दिवशी भात सोडावा. पुरणपोळी घ्यायची असेल तर साधी पोळी घेऊ नये. गोड पदार्थ रिकाम्या पोटी किंवा चहाबरोबर खाण्यापेक्षा कोशिंबीर, भाजी, उसळ झाल्यावर जेवणाच्या अखेरीस थोडा घ्यावा, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालून यावे. शर्करेची चढण त्याने मंद होते. ज्यांच्याकडे घरी रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र आहे त्यांनी जेवणानंतर दोन तासांनी ती मोजावी, म्हणजे कोणता पदार्थ आपल्याला मानवतो हे शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवावे लागणार नाही.

तीन सावधगिरीच्या सूचना येथेच देऊन ठेवतो, कारण त्या विसरल्या तर बाकीचा हिशेब व्यर्थ जाईल. जे इन्सुलिन किंवा शर्करा उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांना कधी दरदरून घाम फुटून, हात कापून, शर्करा एकदम उतरल्याची लक्षणे दिसतात. त्या क्षणी साखर हेच औषध असते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा शर्करा तपासावी. अशा वेळी तिळाचा लाडू किंवा चॉकलेट देऊ नये, कारण ज्या स्निग्धांशामुळे ते एरवी उपकारक ठरतात, त्याच्याचमुळे तेथे उशीर होतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. दुसरी सूचना अशी, की मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व घटू शकते, आणि निव्वळ वनस्पतिजन्य आहारातून हे जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र आल्यास पायांना येणारी बधिरता मधुमेहाची की या उणिवेची, असा घोटाळा होतो. म्हणून ते तपासून घ्यावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक मात्रा घ्यावी. तिसरी सूचना मूत्रपिंडाचा विकार जडलेल्यांसाठी. डाळी, दाणे आणि तेलबिया यांतील पोटॅशियम आणि फॉस्फरस त्यांना मोजून घ्यावे लागतात, तेव्हा माझी पुढची ओळ त्यांनी आपल्या डॉक्टरांना दाखवूनच स्वीकारावी.

एवढे सांगून झाल्यावरही एक गोष्ट उरते, आणि ती स्वयंपाकघरातली नसून माजघरातली आहे. उत्तरेकडील एका शहरात माझी नेमणूक असताना आमच्या वसाहतीत एक वयोवृद्ध मराठी गृहस्थ राहत. मधुमेह त्यांना कित्येक वर्षांचा, आणि लेकीच्या आग्रहाने म्हणा वा स्वतःच्या विचाराने म्हणा, उतारवयात त्यांनी दूधही सोडलेले. संक्रांत असो, गणपती असो, मंडळाच्या कार्यक्रमात सर्वांच्या हाती मिठाईची बशी येई आणि त्यांच्या हाती काकडीच्या चकत्यांची. देणाऱ्याचा हेतू शुद्ध, वरून त्यांच्या प्रकृतीची चारचौघांत चौकशीही होई. कोणी मागे लागे, 'अहो काका, एकाने काय होते?' तर दुसरा लगेच म्हणे, 'छे, छे, त्यांना देऊ नका!' दोन्ही वाक्ये त्यांच्यादेखत, पण त्यांना वगळून. एकदा ते मला हळूच म्हणाले, 'मला पथ्य हवे आहे हो, शिक्षा नको.'

या वाक्यातला भेद आपण ओळखला पाहिजे. ज्याला पंक्तीत शिक्षा होते तो पंक्तीबाहेर जाऊन खातो. रात्री फडताळातला डबा उघडणारे, दुपारी कचेरीच्या कोपऱ्यावर उभ्याउभ्या पेढा तोंडात टाकणारे, घरी निघताना ओठ पुसणारे मधुमेही आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. त्यांना लोभी म्हणणे सोपे आहे. पण चोरून खाल्लेल्या घासाचा हिशेब कोठेच लागत नाही, आणि मग औषधाची मात्रा चुकते, तपासणीचा आकडा लपविला जातो, आणि या लपवाछपवीची किंमत वर्षानुवर्षांनी डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांना मोजावी लागते. उघड वाढलेला एक लहान लाडू हा पुष्कळदा चोरून खाल्लेल्या चार पेढ्यांवरील उतारा ठरतो.

म्हणून माझी सूचना घरच्या अन्नपूर्णेला, आणि तितकीच घरच्या पुरुषमंडळींनाही, अशी आहे की मधुमेह्यासाठी वेगळे पान मांडू नका. सणाच्या दिवशी निदान एक गोड पदार्थ असा करा, की जो सर्वांच्या पानात जाईल: दूध न घेणाऱ्या नातीच्या, गोळ्या घेणाऱ्या आजोबांच्या आणि काहीच पथ्य नसलेल्या जावयाच्याही. मंद गुळाचे मणगणे किंवा तीळ-दाण्याचा लाडू खाऊन जावयाचे काही नुकसान व्हायचे नाही; झालाच तर पुढील वीस वर्षांत लाभच होईल. पदार्थ लहान करा, वाटी लहान ठेवा आणि वाढताना आग्रहाऐवजी प्रश्न विचारा: 'काका, किती वाढू?' किती घ्यावे हे काकांना ठाऊक असते. तो निर्णय त्यांचा त्यांना चारचौघांत, मान ताठ ठेवून घेता आला, म्हणजे पंक्तीतील त्यांचे पान पुन्हा ओळीत आले, असे समजावे.

आज संध्याकाळी आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कोणत्या ना कोणत्या निमित्ताने तोंड गोड होईल. त्या वेळी डब्याची मागची बाजू एकदा वाचून पाहा, आणि वाढण्यापूर्वी तो एक प्रश्न विचारण्यास विसरू नका, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.